न विरघळणारा प्रसाद

घशात घास पुरता अडकला की माणूस ओरडत नाही, खोकतही नाही. हे मला आमच्या कारखान्यातल्या सुरक्षा शिबिरात शिकवलं होतं. जो खोकतोय त्याला खोकू द्या, जो गप्प झालाय त्याच्याकडे धावा, असं शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या. मी मागच्या खुर्चीत बसून मोबाईलवर आदल्या दिवशीच्या चाचणीचे आकडे बघत होते. आम्ही करणार गोड वड्या आणि शिकायचं काय, तर माणसाच्या पोटात मूठ कशी दाबायची, असं म्हणून मी शेजारणीकडे बघून हसलेही.

आम्ही बंगळुरूच्या चामराजपेटचे. कोण्या एका फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं अण्णा सांगतात. अण्णा म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ परदेशात, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. घरात आम्ही दोघंच. अण्णा जन्मभर शाळेत गणित शिकवत होते आणि मला त्यांनी घरीही सोडलं नाही. उत्तर जुळलं नाही म्हणून मी एखादा आकडा खोडला की ते पट्टीने माझी वही थोपटायचे. "आकडा खोडायचा नाही गे. गणित कुठं चुकलं ते बघायचं," असं म्हणायचे. मी बघायची. पुढे अन्नतंत्रज्ञान शिकले आणि आनेकलच्या बाजूला जेलीच्या वड्या करणाऱ्या एका लहान कारखान्यात लागले. रोज कंपनीची बस चामराजपेटच्या कोपऱ्यावरून मला उचलते.

अण्णांना साठीत मधुमेह झाला. त्याआधी त्यांचा एक नेम होता. संध्याकाळी दिवा लावायचा, कवळी काढून ठेवायची, चूळ भरायची, देवाला खडीसाखरेचा खडा दाखवायचा आणि तो जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचं. खडा विरघळेपर्यंत ते बोलत नसत. आमच्या घरात प्रसाद चावत नाहीत. दातांनी तोडला की उरलेला अर्धा उष्टा होतो, आणि देवाने दिलेल्याचे तुकडे करणारे आपण कोण, असा त्यामागचा विचार. प्रसाद अख्खा तोंडात जायचा आणि आपसूक विरघळायचा. मधुमेहानंतर खड्याच्या जागी तुळशीचं पान आलं. अण्णांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र ते पान बघून राग यायचा, कुणावर ते आजही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात सुधारला, जीभ सुधारली. गिळताना मधूनमधून ठसका लागायचा तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, लहान घास द्या, बसवून भरवा, घाई नको. मी मान डोलावली. ठसका लागला की आपल्याकडे "वर बघ, वर बघ" म्हणतात, तसं मी म्हणायची, अण्णा छताकडे बघायचे आणि ठसका जायचा. बंगळुरूची थंडी, रस्त्यावरची धूळ, म्हातारपण, अशी तीन कारणं माझ्याकडे कायम तयार असायची.

ह्या संक्रांतीला शेजारच्या मामी एळ्ळु-बेल्ल घेऊन आल्या. तीळगुळाच्या त्या मिश्रणाबरोबर इथे साच्यात पाडलेली साखरेची चित्रं देतात. त्यात एक पोपट होता. दुपारी मी पाणी प्यायला उठले तर अण्णा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते. गाल फुगलेला. मी त्यांना नको तितकं बोलले. साखर किती वाढते, पाय जातात, डोळे जातात, सगळं ऐकवलं. त्यांनी ओला पोपट तळहातावर काढला आणि माझ्यापुढे धरला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, माझा बाप, चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा. मी तो पोपट नळाखाली धुऊन टाकला आणि तेव्हाच ठरवलं की ह्या माणसाला मी गोड खाऊ घालेन, राजरोस.

योग असा की तेव्हाच आमच्या मालकांनी 'आरोग्याची जेली' काढायचं मनावर घेतलं होतं. साखर नाही, रंग फळांचे, तंतू भरपूर आणि पूर्ण शाकाहारी. दिवाळीच्या आधी माल दुकानांत हवा होता.

ऐकायला सोपं वाटतं. जेलीतली साखर फक्त गोडीपुरती नसते. ती पाणी बांधून ठेवते, बुरशी लागू देत नाही, फळांतून काढलेल्या पेक्टिनला गोठायला मदत करते. ती काढून घेतली की कर्ती बाई माहेरी गेल्यावर घराचं होतं तसं सगळं होतं, जो तो आपापल्या जागी असतो पण काही धड उभं राहत नाही. वडी ढिली पडते, तिला पाणी सुटतं. जिलेटिनने काम भागलं असतं. जिलेटिनची वडी घट्ट असते, तरी अंगाच्या उबेने तोंडात विरघळते. पण जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांचं. ते ना मालकांच्या पाकिटावर चाललं असतं, ना आमच्या देवासमोर.

मग आम्ही कोंजॅक आणलं. हा आपल्या सुरणाच्या भाऊबंदांतला एक कंद. त्याची चिमूटभर पावडर पातेलंभर पाणी धरून बसते. शेवाळाच्या दुसऱ्या एका पावडरीबरोबर शिजवली की तिची अशी वडी होते की दाबा, वाकवा, सोडा, ती पुन्हा होती तशी. उन्हात ठेवा, कोमट पाण्यात टाका, तिला काही होत नाही. कोंजॅकच्या छोट्या कपांतल्या जेलीवर काही देशांनी बंदी घातली आहे हे मी वाचलं होतं. लोक ती ओढून गिळतात आणि ती घशात बसते. मी ते वाचलं, टिपून घेतलं आणि खाली लिहिलं की आपली वडी कपातली नाही, ती चावून खायची आहे. किती हुशार होते मी!

पहिला घाणा फसला होता. पाणी जास्त झालं होतं, वडी लिबलिबीत. फेकण्याऐवजी मी चार वड्या डब्यातून घरी नेल्या.

"काय गे हे?" अण्णांनी विचारलं.

"गोड आहे. साखर नाही. हाडाबिडाचं काही नाही. तुम्हाला चालेल."

"देवाला चालतं काय?"

"देवालाही चालतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग दिवा लावला, कवळी काढून वाटीत ठेवली, चूळ भरली, वडी देवासमोर ठेवली आणि जिभेवर घेतली. ती वडी मऊ होती, हिरड्यांखाली मोडली, घशाखाली गेली. डोळे मिटलेलेच होते, पण गालावरून पाणी ओघळलं. देव आणि मधुमेह दोघांनाही चालेल असा गोड पदार्थ मी केला होता. त्या संध्याकाळइतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि तिथेच माझी अक्कल गहाण पडली.

त्यानंतर प्रत्येक घाण्यातली एक वडी घरी जायला लागली. कारखान्यात आमचे चाखणारे आठजण होते. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, खडे फोडतील अशा दातांचे. ते गोडी, वास, चावताना कसं वाटतं ते सांगायचे, मी नोंदवहीत लिहायची. वडीचा घट्टपणा मोजायला एक यंत्र आहे. त्याची दांडी वडीवर दोनदा दाबते आणि कागदावर दोन टेकड्या काढते, पहिला चावा आणि दुसरा चावा. न चावणाऱ्या माणसासाठी त्या यंत्रात काही सोय नाही. आठांच्या खाली नववा माणूस म्हणून मी अण्णांचं मत लिहायला लागले. ते मास्तर होते, त्यांना मत विचारलेलं फार आवडायचं.

सुरुवातीला वडी नखाएवढी होती. मग मालक म्हणाले, पाकीट रिकामं दिसतं, वडी मोठी करा. आम्ही साचा मोठा केला. मोठी वडी वाकायला लागली म्हणून कोंजॅक वाढवलं. प्रत्येक बदलाला कारण होतं आणि प्रत्येक कारणाखाली माझी सही होती.

"चांगली आहे गे," अण्णा म्हणायचे. "पण स्वल्प मऊ कर की."

मी लिहून घ्यायची. वडी जिभेवर ठेवून ते आधीपेक्षा जास्त वेळ बसायला लागले होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी तांब्यातल्या पाण्याबरोबर ती खाली उतरवायचे आणि मग खोकायचे. मी आतून ओरडायची, "वर बघा!" रात्री झोपेतही त्यांना खोकला यायला लागला. मी काढा दिला, खिडकी बंद केली, स्वेटर घालायला लावला. गिळण्याचा आणि खोकल्याचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही असं मी म्हणेन, पण ते खरं नाही. तो दारापर्यंत आला होता आणि मी दार उघडलं नाही.

साच्याच्या ट्रेवर काम करणाऱ्या एक बाई आनेकलहून यायच्या. वयाने माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायची. ज्येष्ठात एका सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. घरी नेलेली एक वडी त्यांनी सासूला दिली होती. सासूच्या तोंडात एकही दात नाही.

"करगोदे इल्ल, मॅडम," त्या म्हणाल्या. विरघळतच नाही. मग कन्नडमध्येच पुढे सांगत गेल्या, "म्हातारी अर्धा तास चघळत बसली. शेवटी हातावर थुंकली. होती तशीच, चकचकीत. अंगणात टाकली तर कोंबडीनेही चोच मारून सोडून दिली."

मी हसले. "अक्का, तोच तर तिचा गुण आहे. ट्रकमध्ये उन्हात विरघळायला नको म्हणूनच एवढा खटाटोप केला."

"ट्रकला चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारीला काय?"

मी त्यांना म्हटलं, सरी, म्हणजे बरं, बघते. बघितलं काहीच नाही. ट्रे घेऊन जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. त्याच दिवशी जे. पी. नगरच्या ऑफिसात पाकिटाचं चित्र पास झालं. चित्रात एक आजोबा आणि एक नात एकच वडी दोन बाजूंनी धरून हसत होते. मी त्याला छान म्हणाले.

आषाढातला शुक्रवार होता. मी लवकर घरी आले होते, बाहेर अजून उजेड होता. चौदाव्या घाण्याची वडी आणली होती. हाच घाणा बाजारात जाणार, असं ठरत आलं होतं. अण्णांनी दिवा लावला. मी देवघराकडे पाठ करून भाजी निवडत त्यांना सांगत होते की मालक किती खूश आहेत, यंत्राच्या टेकड्या कशा सारख्या आल्या आहेत, ही वडी चेन्नईच्या उन्हातही टिकेल. ते हूं हूं करत होते. मग हुंकार थांबला. प्रसाद तोंडात आहे, बोलणार कसे, असं समजून मी बोलतच राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मेथीची एक अख्खी जुडी निवडून झाली होती.

ठसका आला नाही म्हणून मी वळले. रोज येतो, आज आला नाही, एवढंच डोक्यात आलं.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते आणि वर बघत होते. मी न सांगता. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले, तोंड उघडं, चेहरा वांग्यासारखा काळानिळा पडलेला. जरासुद्धा आवाज नव्हता. लहानपणापासून सांगितलेलं ते करत होते, ठसका लागला की वर बघायचं, आणि बघून काही होत नव्हतं.

मी धावले. पाठीत मारलं, काही नाही. मागून मिठी मारली, बरगड्यांखाली मूठ ठेवली आणि शिबिरात जे हसत ऐकलं होतं ते केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आत काहीतरी कडकन वाजलं, त्यांची बरगडी. मी थांबले नाही. चौथ्या धक्क्याला वडी उडून समईच्या पायाशी पडली आणि अण्णांच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज आला. तो आवाज भयंकर होता. मी खाली बसून मोठमोठ्याने रडायला लागले.

शेजारच्या मामी धावत आल्या, त्यांनी रिक्षा आणली. निघताना मी ती वडी उचलली. का उचलली कोण जाणे. तिच्यावर ओरखडाही नव्हता, साच्यातून निघाली तशीच होती. माझ्या अंगठ्याने आणि बोटाने सवयीने तिला दाबलं. ती दबली आणि लगेच पूर्ववत झाली. वहीत मी ह्याला 'उत्तम' म्हणत होते.

दवाखान्यात दोन आठवडे गेले. बरगडी तर होतीच, पण फुप्फुसात जंतुसंसर्ग निघाला, आणि तो त्या दिवसाचा नव्हता. अन्नपाणी बरेच दिवस थोडंथोडं चुकीच्या वाटेने आत जात होतं, असं डॉक्टर म्हणाले. यापुढे गिळणं सुधारेल याची खात्री नाही, बिघडेल हे धरून चाला. प्रत्येक घास बघून द्यायचा. साधं पाणीसुद्धा नाही. पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचं, चमच्यावरून हळू ओघळेल इतकं. पावडरीचा डबा मी उलटा करून वाचला. आतली पावडर आमच्या कारखान्याच्या फळीवरच्या डब्यांतल्याच जातीची होती.

मी मालकांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी आधी अण्णांची चौकशी केली. मग म्हणाले, "पण आजोबांनी चावली नाही, त्यात वडीची काय चूक? पाकिटावर लिहू की, चावून खा." आठवड्यापूर्वी मीही हेच म्हणाले असते, अगदी ह्याच शब्दांत. मी त्यांना म्हटलं, मग पाकिटावरच्या आजोबांना काढा. मी आनेकलच्या अक्कांना बोलावलं आणि त्यांच्या सासूची गोष्ट मालकांसमोर पुन्हा सांगायला लावली. चौदावा घाणा थांबला. दिवाळी हुकली. आता आम्ही कमी साखरेत गोठणारं पेक्टिन वापरून नखाएवढी, बोटाने मोडणारी वडी करतोय. ती उन्हात चिकटते आणि मालक माझ्याशी कामापुरतं बोलतात.

अण्णा घरी आले तेव्हा खूप लहान दिसत होते. पहिले काही दिवस त्यांनी घट्ट पाण्याचा चमचा ओठांशी आला की तोंड फिरवलं. "हे पाणी नव्हे," म्हणायचे. नंतर म्हणेनासे झाले. खोकला आहेच. तो आला की आता मी वर बघा म्हणत नाही. गिळताना मान खाली करून हनुवटी छातीला लावायला शिकवलंय, दवाखान्यात तसंच सांगितलं. ऐंशी वर्षांची सवय, ते आधी वर बघतात आणि मग आठवून खाली.

परवा संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या वहीत माझं लिहीत होतीस ना?"

"हो."

"वाच बघू."

मी वही आणली. वाचायची नव्हती, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. माझ्याच अक्षरात एकाखाली एक होतं. गोडी छान. चांगली, थोडी मऊ हवी. थोडी मऊ हवी. मोठी झाली, जिभेवर मावत नाही. विरघळत नाही. गिळायला जड. गिळायला जड, पाणी लागतं. सगळं त्यांनी सांगितलं होतं. रोज, न चिडता, विद्यार्थ्याला तीच पायरी पुन्हा समजवावी तसं. मी एकेक ओळ मोठ्याने वाचली.

एवढंच वाचलं. त्या सगळ्या ओळींवरून मी तांबड्या पेनाने एक तिरकी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, वय ८२, कवळी, गणतीत धरू नये. नऊजणांत एकाचंच उत्तर जुळत नव्हतं. ते मी वाचलं नाही.

"सगळं लिहिलंयस की," अण्णा म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. "शिकवलेलं वाया गेलं नाही."

मी वही मिटली. वाटीत शिजवून गाळलेल्या पेरूचा गर होता, त्या पावडरीने बांधलेला. मी तो देवासमोर ठेवला, उचलला, चमच्याच्या टोकावर घेतला. अण्णांनी कवळी काढून ठेवलेलीच होती. चमच्यात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटले आणि माझ्यासमोर तोंड उघडलं.